मूठ की पायडल

डॉक्टरांनी बाबांचा डावा गुडघा दोन्ही हातांत धरून वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला आणि म्हणाले, "अनंता, ह्या गुडघ्यात आता एकाच कामापुरता दम आहे. आठ तास लूमवर उभे राहा, नाहीतर रोज सोळा किलोमीटर सायकल मारा. दोन्ही मागाल तर दोन्ही जातील."

बाबांनी वर दुमडलेली पँट खाली केली आणि विचारलं, "मंग लूमवर जाऊ कसा? उडून?"

ही २००८ च्या जानेवारीतली गोष्ट. आमचं मूळ गाव दिघाशी, पण मी चार वर्षांची असताना बाबा आईला आणि मला घेऊन अंजूरला आले आणि दौलतशेठच्या चाळीत त्यांनी एक खोली घेतली. तिथून भिवंडीतली यंत्रमागांची शेड आठ किलोमीटर. शिफ्ट सकाळी सहा ते दुपारी दोन. इतक्या पहाटे अंजूरहून ना रिक्षा मिळते ना एसटी, त्यामुळे अठरा वर्षं बाबा सायकलनेच जायचे. त्यांच्याकडे सहा माग होते. माग मोटारीवर आपोआप चालतो हे खरं, पण कुठल्या मागावरची सुताची तार तुटेल आणि कुठल्या धोट्यातली सूत गुंडाळलेली कांडी संपेल याचा नेम नसतो. विणकर सहा मागांच्या मधल्या बोळात आठ तास येरझारा घालत असतो. जो बसला त्याचे माग थांबले.

आणि ज्याला उभं राहवत नाही त्याला कांडी मशीनवर बसवतात. तिथे बसून धोट्यासाठी कांड्या भरायच्या. कामात वाईट काही नाही, पण ज्याने अर्धं आयुष्य कापड विणलं त्याला ते लग्नघरात मानाने बोलावून भांडी घासायला बसवल्यासारखं वाटतं. शेडचा जॉबर काळूराम, म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि आमच्या बाबांवर नजर ठेवणारा, त्याने सरळच सांगितलं होतं, "अनंता, मार्चअखेरपर्यंत बघतो. तवर उभा ऱ्हायलास तर लूम तुजे. न्हायतर एक तारखेपासून कांडीवर."

त्याच महिन्यात मला मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करायची नोकरी लागली. दुपारी साडेतीन ते रात्री साडेआठ. जाताना रिक्षा मिळायची, येताना नाही. आईने जाहीर केलं की गोडाऊनच्या रस्त्याने मी अंधारात चालत येणार असेन तर ती नोकरी तिच्याकडून नामंजूर. आमच्या आईचं, गुणाबाईचं, नामंजूर म्हणजे वरच्या कोर्टात जायची सोयच नाही.

तेव्हा बॅटरीवर चालणाऱ्या सायकली नुकत्याच भिवंडीत आल्या होत्या. लायसन्स नको, पेट्रोल नको. हिशेब मीच मांडला. बाबा पहाटे घेऊन जातील, पावणेतीनला परत आणतील, तीनला मी घेऊन निघेन. बाबांचा गुडघा वाचेल, माझी नोकरी वाचेल आणि आईचं कोर्ट उठेल.

दुकानात दोन तऱ्हेच्या सायकली होत्या. तिथला मेकॅनिक रघू सडपातळ, गोडबोल्या, कानाला कायम पेन्सिल अडकवलेला. त्याने दोन्ही बाहेर काढल्या.

"ही मुठीवाली," तो म्हणाला. "उजवी मूठ पिळा की पळते. पाय ठेवा नुसते वर. आणि ही पायडलवाली. हिची मोटर अशी, की तुम्ही पायडल मारलं तर ती साथ देणार. तुमचा पाय थांबला की तिचं पण काम बंद."

बाबा पायडलवालीकडेच बघत राहिले. "ही इमानी हाय, रूपा," ते म्हणाले. "आपून केलं तर ती करनार. फुकटचं न्हाय."

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले? पाय हलवायचा नाही."

"थोडा हलवला तर काय झिजनार न्हाय तो."

"झिजलाय तो आधीच!" मी इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला. माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या चाळीत पोराटोरांनाही ठाऊक आहे. मुठीवाली ठरली. तिलाही पायडल होतं, पण ते सायकल म्हणवून घेण्यापुरतं.

मग बाबांनी गल्लीत एक फेरी मारून बघितली. जाताना छान गेले. परत येताना रघू ओरडला, "काका, थांबवा!" आणि बाबांनी थांबवायला उजवा हात झटक्यात स्वतःकडे ओढला. त्यांच्या शेडमधल्या मागाची दांडी अशीच आहे, स्वतःकडे ओढली की माग थांबतो. तो हात इतकी वर्षं तेच करत आला होता. सायकलची मूठ मात्र तशी ओढली की पिळली जाते, आणि पिळली की सायकल पळते. घाबरून बाबांनी आणखी ओढली. सायकल दुकानासमोरून सरळ पुढे गेली आणि चिंध्यांच्या गठ्ठ्यांत घुसून थांबली. गठ्ठे मऊ होते म्हणून निभावलं.

"हिला कंचं उलटं ग्यान दिलंय?" बाबा चिंध्यांतून उठत म्हणाले. "मानूस थांबाया बघतो, ही धावते!"

रघू पोट धरून हसला. मीही हसले, ते मी लपवत नाही. बाबाही शेवटी हसले. आठवडाभर चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत मी त्यांच्याकडून सराव करून घेतला. ब्रेक दाबा, हात ओढू नका. ब्रेक दाबा, हात ओढू नका. आईला झोपेतसुद्धा ते पाठ झालं.

पहिले पंधरा दिवस सगळं ठीक चाललं. रात्री गाडी चार्जिंगला लावायची, पहाटे बाबा घेऊन जायचे. अडचण एकच होती. अंजूरला दुपारी बाराला लाईट जायची ती पाचला यायची. लोडशेडिंगचे ते दिवस सगळ्यांना आठवत असतील. त्यामुळे बाबा आल्यावर आणि मी निघण्याआधी गाडीला करंट मिळायचा नाही. शेडमध्ये चार्जिंगचं नाव काढायची सोय नव्हती. सुताचा कापूस हवेत उडत असतो, तिथे काळूराम कुणाला मोबाइलसुद्धा लावू देत नसे. म्हणजे रात्री भरलेल्या एकाच बॅटरीवर बाबांचे सोळा आणि माझे दहा किलोमीटर व्हायला हवे होते. कागदावर ती चाळीस चालायची. कागदावर काय, मीही फार गोड मुलगी आहे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती मला दगा देऊन गेली. येताना गोडाऊनच्या लांबलचक भिंती संपत नाहीत अशा जागी मोटार बंद पडली. मी पायडल मारून बघितलं. चाळीस किलोचं धूड, मुश्किलीने शंभर पावलं गेलं आणि चेन उतरली. अंधारात ती मला बसवता येईना. मग तीन किलोमीटर ढकलत आणली. मागून कंटेनर यायचे, त्यांच्या वाऱ्याने गाडी हलायची. एका ट्रकवाल्याने गाडी हळू करून "कहाँ जाना है?" विचारलं. बिचारा चांगल्या मनाने विचारत असेल, पण मला भरवसा वाटेना. मी उत्तर न देता जवळजवळ पळत सुटले.

घरी आले तेव्हा बाबा जेवत होते. मी गाडी भिंतीला आदळली आणि आत येऊन म्हटलं, "सगळी बॅटरी तुम्हीच खाता! भिवंडीला जाता की नाशिकला? माझ्यासाठी काही ठेवता का? मला नाही करायची असली नोकरी, उद्यापासून मी जाणार नाही!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आई काहीतरी बोलणार होती, पण बाबांनी तिला हातानेच थांबवलं. भाकरी संपवली, हात धुतले, बाहेर जाऊन गाडीची चेन बसवली आणि ती चार्जिंगला लावली.

शेडला शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून शुक्रवारी सकाळी मी गाडी रघूकडे नेली. त्याने चेन ताणून दिली, सीट उचलून बॅटरीकडे बघितलं, दोन वायरी हलवल्या आणि म्हणाला, "आता बघा."

आणि खरंच, त्यानंतर गाडी कधी बंद पडली नाही. दुपारी तीनला मी बसायचे तेव्हा हँडलवरचे चारही दिवे हिरवे असायचे. मानकोलीला जाऊन घरी येईपर्यंत त्यांतला फार तर एक विझायचा. मी चाळीत सगळ्यांना सांगत सुटले की रघूच्या हातात जादू आहे. आईने त्याला वालाचं बिरडं डबा भरून पाठवलं. त्याने ते कशाबद्दल आहे असं विचारलंसुद्धा नाही. आयतं आलेलं बिरडं कोण परत करतो?

बाबांचा गुडघा मात्र सुधारायच्या ऐवजी बिघडत चालला. संध्याकाळी तो नारळाएवढा सुजायचा. आई निरगुडीचा पाला गरम करून बांधायची, सकाळी पाला वाळून गळून पडायचा, सूज तिथेच. पुन्हा डॉक्टर झाले. त्यांनी विचारलं, "सायकल मारत नाही ना?" आई म्हणाली, "न्हाय हो, आता बॅटरीची हाय, नुस्तं बसून जातात." बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले की मग झीज जास्त असेल, लूमच सोडावा लागेल.

त्या काळात बाबा रोज अर्धा तास लवकर निघायला लागले होते. सव्वापाचऐवजी पावणेपाच. मी विचारलं तर म्हणाले, "गार वारा असतो, बरं वाटतं." दुपारी पावणेतीनऐवजी तीनला यायचे, घामाघूम. म्हणाले, "ऊन किती हाय!" मला काही संशय आला नाही. माझी नोकरी जोरात चालली होती आणि दिवे हिरवे होते.

मार्चच्या सुरुवातीला बाबांनी शेडमध्ये एक स्टूल नेलं. तार तुटेपर्यंत बसायचं, तुटली की उठायचं. काळूरामने ते बघितलं आणि बोटावर मोजून दाखवलं की महिना संपायला किती दिवस राहिले. हे बाबांनी आम्हाला जेवताना सांगितलं, गंमत म्हणून. कुणी हसलं नाही. त्या रात्री मी आईला म्हटलं, गुडघ्याला आराम देऊनही तो बरा होत नसेल तर आता नशीबच म्हणायचं. आईनेही मान हलवली.

चौदा मार्चच्या शुक्रवारी मी गाडी रघूकडे सर्व्हिसिंगला नेली. त्याने गाडी आडवी पाडली, चेनवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, ही चेन बदलावी लागणार."

"का? महिन्यापूर्वीच तर ताणली तू."

"तेच म्हणतो मी. मुठीवाल्या गाड्यांची चेन कोण वापरतं? दुसऱ्या गाड्या येतात ना, त्यांच्या चेनला गंज असतो नुसता. ही बघा, घासून चांदीसारखी झालीय. लांबलीय पण. कोण पायडल मारतं एवढं?"

मी म्हटलं, कोणी नाही. मग मला आठवलं आणि मी विचारलं, "तू बॅटरी नीट केली होतीस ना?"

रघूने कानावरची पेन्सिल काढून पुन्हा लावली. "बॅटरीला मी हात पण नव्हता लावला, ताई. वायर हलवून बघितली फक्त. ते बिरडं आलं तेव्हा मला वाटलं, असंच प्रेमाने पाठवलं असेल."

पावणेपाचला निघणं, घाम, हिरवे दिवे, नारळाएवढा गुडघा, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. तरी मी स्वतःला समजावलं की आधी डोळ्यांनी बघू. कदाचित त्या चिंध्यांच्या गठ्ठ्यांपासून बाबांना मुठीची भीती बसली असेल. कदाचित त्यांना इमानी सायकलच हवी होती आणि ते माझ्याशी हट्टाने वागत असतील. असं काही असतं तर मला भांडता आलं असतं, आणि भांडायचं असलं की मला बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेअर रिक्षाने भिवंडीच्या बाजूला निघाले आणि अर्ध्या वाटेवर उतरून एका बाभळीच्या सावलीला उभी राहिले. अडीचच्या सुमारास बाबा आले. उजव्या पायाने पायडल खाली दाबत होते, डावा पाय नुसता त्याच्यासोबत फिरत होता. प्रत्येक फेरीला कमरेतून एका बाजूला कलत होते. हँडलवरचा एकही दिवा लागलेला नव्हता. चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, तिचा लाल गोंडा बाहेर लोंबत होता.

मी रस्त्यात आडवी झाले. त्यांनी ब्रेक दाबला, हात ओढला नाही.

"चावी लावा," मी म्हटलं.

"इथं काय करतेस तू? ड्युटी न्हाय?"

"बाबा, चावी लावा आणि मूठ पिळा. येत नाही का तुम्हाला? भीती वाटते?"

"येते की. भीती कसली?"

"मग? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? काळूराम काय म्हणाला होता? तुम्हाला कांडीवर बसायची हौस आली आहे का?"

बाबा गाडीवरून उतरले. डाव्या पायावर भार आला तसे त्यांचे ओठ आवळले गेले. गाडी बाभळीला टेकवून त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाले, "दोन वाजता माजी शिफ्ट सुटते तवा मी लूम कसा देतो म्हाईत हाय तुला?"

मला माहीत नव्हतं. बाबांच्या कामाबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं.

"चालता देतो," ते म्हणाले. "तुटलेली तार जोडून, धोट्यात भरली कांडी घालून, चालता लूम दुसऱ्याच्या हातात देयाचा. रिकामी कांडी ठेवून जो जातो त्याला शेडीत कोन विनकर म्हनत न्हाय. आठ तासांत आपलं काय बी झालं असंल, ते आपल्याशी. मागनं येनाऱ्याला भरलेलं गावलं पायजे." त्यांनी टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला. "ह्या गाडीवर माज्या मागनं तुजी शिफ्ट हाय. त्या दिवशी मी तुला रिकामी दिली. तू रडत आलीस."

"मी रडले नव्हते. मी ओरडले होते."

"मना कळतं तुजं कंचं काय ते."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. महिनाभर मी हिरवे दिवे बघून खूश होत होते, आणि ते दिवे बाबांच्या गुडघ्यातून काढलेले होते. मी म्हटलं, "बाबा, मी रागात बोलले होते. मला काय म्हणायचं ते कळत नव्हतं." ते म्हणाले, "आगं पन खरंच बोल्लीस. बॅटरी मीच खात व्हतो." आणि ते इतकं साधेपणाने म्हणाले की मला आणखी रडू आलं.

मी त्यांच्या खिशातून चावी काढून लावली, त्यांना सीटवर बसवलं आणि मूठ पिळायला लावून पुढे पाठवलं. मी रिक्षाने मागून आले. त्या दिवशी ड्युटीवर मी पहिल्यांदा उशिरा पोचले.

घरी आईला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी बाबांवर तडकली, मग माझ्यावर, मग रघूने खाल्लेल्या बिरड्यावर. शांत झाल्यावर भाकरीचं पीठ मळता मळता तिने विचारलं, "गाडी शेडीपाशी सहा ते दोन काय करते?"

"भिंतीला टेकून असते," बाबा म्हणाले.

"आनि लाईट घरी किती वाजता जाते?"

"बाराला."

"मंग सकाळभर लाईट घरी नि गाडी भिवंडीला? रूपानं तुमाला सोडावं, गाडी घरी आनावी, बारापर्यंत भरावी, दोनला तुमाला आनावं, मंग मानकोली कितीशी लांब हाय?"

बाबांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जिने आयुष्यात सायकलला हात लावला नाही तिने आम्हा दोघांचा प्रश्न एका भाकरीच्या पिठात सोडवला होता. पण बाबांचा चेहरा उतरला. मी समजले. ह्या उपायात बाबांना माझ्या मागे कॅरियरवर बसावं लागणार होतं.

"दुसरं कायतरी बघू," ते म्हणाले.

"काय दुसरं?" आई म्हणाली. "गुडघा दुसरा बघायचा?"

रघूला विचारलं तर तो म्हणाला, "दोघं बसून नुसती मूठ पिळाल तर मोटर जाळाल, ताई. मूठ अर्धी धरायची आणि तुम्ही पायडल मारायचं. अर्धं तिने, अर्धं तुम्ही. बॅटरी पण मग रात्रीपर्यंत पुरेल." त्याने चेन नवी टाकून दिली. आईने जुन्या गोधडीची उशी शिवून कॅरियरला बांधली.

पहिल्या दिवशी पहाटे बाबा चाळीतून गाडीवर बसलेच नाहीत. लंगडत गावाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि शेवटचं घर मागे पडल्यावर बसले. दोन्ही पाय एका बाजूला सोडून, डबा मांडीवर घेऊन. मी अर्धी मूठ धरली आणि पायडल मारायला लागले. दोन किलोमीटरवर माझ्या पोटऱ्या भरून आल्या. बावीस वर्षांच्या पायांना हे इतकं जड जात असेल तर त्यांना काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून हटेना.

शेडच्या अलीकडे चहाची टपरी आहे. तिथे शिफ्टचे विणकर उभे असतात. त्याच्या शंभर पावलं आधी बाबा म्हणाले, "इथंच थांब." माझ्या जिभेवर पाच-सहा उत्तरं तयार होती. मी थांबले. ते उतरून चालत गेले.

असंच रोज चाललं. येताना वाटेत नाल्यावरचा पूल लागतो. त्याच्या चढावर मला दम लागायचा आणि गाडी हळू व्हायची. तिथे बाबा रोज उतरायचे. मी ओरडायचे, "उतरू नका, मी नेते!" ते ऐकायचे नाहीत. चढ संपेपर्यंत गाडीच्या मागे चालत यायचे, एका हाताने कॅरियरला थोडं ढकलत, आणि पलीकडे पुन्हा बसायचे. मी म्हणायचे, हा काय आराम झाला? ते म्हणायचे, "तुज्यावर किती भार टाकू?" चौथ्या दिवशी सूज कमी दिसली. दहाव्या दिवशी आईने पाला बांधणं बंद केलं. शेडमधलं स्टूल मात्र अजून तिथेच होतं, आणि बाबा त्यावर किती बसतात ते मी विचारायला धजले नाही.

एकतीस मार्चला सोमवार होता. मी दोनला गेले तेव्हा बाबा दुसऱ्या शिफ्टच्या विणकराला माग देत होते. दारातून आवाज इतका येतो की बोललेलं ऐकू येत नाही, पण दिसत होतं. एकेका धोट्यातली कांडी बघत, एकेका मागावरून हात फिरवत ते पुढे सरकत होते. सहाही माग चालत होते. मी तिथे उभी राहून पहिल्यांदाच ते नीट बघितलं.

ते बाहेर आले तेव्हा काळूराम त्यांच्यासोबत होता. काळूराम माझ्याकडे बघून म्हणाला, "सहा न्हाय झेपनार त्याला. चार ठेवतो त्याच्याकडं. पन उभ्यानं. ते स्टूल मी कांडीवाल्याला देऊन टाकलंय." एवढं बोलून तो आत गेला.

टपरीपाशी पाच-सहा विणकर चहा पीत उभे होते. बाबांनी त्यांच्यासमोर डबा हँडलला अडकवला आणि कॅरियरवर बसले. शंभर पावलं पुढे जाऊन नाही, तिथेच. कुणीतरी विचारलं, "क्या अनंता, ड्रायव्हर रखा क्या?" बाबा म्हणाले, "बेटी है मेरी." मी मूठ धरली आणि निघाले. मी विचारलं, चारच मिळाले म्हणून वाईट वाटलं का? ते म्हणाले, "वाटलं. पन उभ्यानं हायेत."

नाल्यावरचा पूल आला. चढ लागला तशी मी सवयीने गाडी हळू केली आणि मागचा भार कमी होण्याची वाट बघितली. भार कमी झाला नाही. मी मान वळवून बघितलं. बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

"बाबा, चढ आला," मी म्हटलं.

"दिसतंय मना. जड व्हतंय का?"

"हो."

"व्हऊ दे," ते म्हणाले. "मार पायडल."